काळ्या रानात मीठ फुटलंय, एकरी किती जिप्सम टाकू?

जिप्समचा, म्हणजे रान सुधारायला टाकतात त्या कॅल्शियमच्या भुकटीचा, आकडा आत्ताच सांगितला तर तुम्ही उद्या ट्रॉली भरून आणाल आणि पैसे अक्षरशः मातीत जातील, म्हणून ते नंतर. तुम्ही लिहिलंय की वाळवा तालुक्यात नदीकाठचं काळं रान आहे, वडिलांपासून ऊसच आहे, आता वरंब्यावर पांढरा थर येतोय आणि खोडवा, म्हणजे तोडणीनंतर परत फुटलेला ऊस, पिवळा पडतोय. सगळं सांगितलंत, पण रानातलं जादा पाणी जातं कुठं हे एका शब्दानं सांगितलं नाहीत. जिप्समचं पोतं कुठंही मिळतं, अडतं ते तिथंच.

आमचं रानही त्याच पट्ट्यातलं. आजोबांच्या वेळी शाळू-हरभरा व्हायचा, मग लिफ्टचं, म्हणजे नदीतनं मोटरीनं उचललेलं, पाणी आलं आणि ऊसावर ऊस. लाईट रात्रीची, मोटर चालू करून माणूस झोपणार, सकाळी सरी तुडुंब. काळी माती पाणी खाली लवकर सोडत नाही, पातळी वर वर येत जाते आणि एकदा का ती मुळांजवळ आली की वातीत तेल चढावं तसं खारं पाणी वर चढतं, ऊन पाणी घेऊन जातं आणि मीठ तिथंच ठेवतं. आधी टनेज घटलं, मग 86032 जातीचा ऊस सुद्धा गुडघ्याएवढा होऊन थांबायला लागला, शेवटी खालच्या तुकड्यात लव्हाळा आणि वेडी बाभूळ, बास.

हे जादा पाणी बाहेर काढायला जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकायचं ठरवलं तर आऊटलेट ओढ्यात काढायला लागणार, आणि आमच्या रानाच्या आणि ओढ्याच्या मधे चुलत्यांचं, म्हणजे आबांचं, रान. आबा म्हणाले, तुमचं खारट पाणी माझ्या रानातनं न्यायचं नाही. आबा, पाईप बंद आहे, चार फूट खालनं जाणार, तुमच्या रानाला थेंब लागणार नाही, उलट तुम्हीही त्यालाच जोडून घ्या. नाही म्हणजे नाही. त्यांचं म्हणणं काय तर हे सगळं युरियानं झालंय, युरिया बंद करा आणि पाणी भरपूर मारा, मीठ धुऊन जाईल. आता त्यांचं रान आमच्यापेक्षा खाली, म्हणजे आमचंही पाणी तिकडंच मुरत होतं, मीठ आमच्याआधी त्यांच्यात फुटलं होतं आणि तरी हा हट्ट.

युरियाचं हे मी अजून दर लग्नात ऐकतो म्हणून इथं लिहूनच ठेवतो. नीरा डाव्या कालव्याचं पाणी 1885 च्या सुमारास सुटलं, आणि पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मान यांनी 1910 मध्येच नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर लिहून ठेवलंय. कुठला युरिया होता तेव्हा? पाणी होतं, काळी माती होती आणि निचरा नव्हता, झालं. खताचा अतिरेक वाईटच आहे, पण त्याच्यावर खापर फोडलं की रात्रीच्या मोटरीबद्दल कुणी बोलायला नको, हे सोयीचं पडतं. पाणी मारून मीठ धुतलं जातं हे आबांचं खरं आहे, पण धुतलेलं पाणी बाहेर जायला वाट असेल तरच. नाहीतर तेच मीठ दोन फूट खाली जाऊन उन्हाळ्यात परत वर.

शेवटी चुलतभावानं, म्हणजे आबांच्याच मुलानं, त्यांना न विचारता सही दिली आणि दोन्ही रानांत एकदम काम झालं. जाळी गुंडाळलेले छिद्राचे पाईप, ते मेन पाईपला जोडलेले, मधे चेंबर. पहिल्या उन्हाळ्यात वर कोरडं दिसायचं आणि आऊटलेटमधनं खारट पाणी चालूच. मग हिरवळीचं खत म्हणून ताग, ढेंचा गाडला, गहू काढला, मग कुठं ऊस. आबा आता म्हणतात, युरिया कमी केलात म्हणून सुधारलं!

तर तुम्ही आधी खालच्या शेतकऱ्याकडं जा, कृषी सेवा केंद्रात नंतर. पाईप नेण्याची परवानगी स्टॅम्पवर घ्या, भाऊ असला तरी, भाऊ असला तर जास्तच. शिरोळकडं दत्त साखर कारखान्यानं शेतकऱ्यांना एकत्र करून अशी कामं केलीत, ती जाऊन बघा, एकट्यानं आपल्यापुरतं करण्यात आणि शिवार जोडून करण्यात काय फरक पडतो ते कळेल. ओढा वाहता आहे का तेही बघा, आमच्याकडं लोकांनी ओढ्यातच ऊस लावलाय, मग आऊटलेट पाण्याखाली जातं आणि खर्च वाया. खोदाई उन्हाळ्यातच करा, पावसाळ्यात काळ्या रानात मशीन रुतलं की निघत नाही.

आता जिप्सम. माती तपासल्याशिवाय आकडा कुणी सांगत असेल तर तो विकायला आलाय. सामू म्हणजे पीएच 8.5 च्या खाली, क्षारता म्हणजे ईसी 4 च्या वर आणि मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम 15 टक्क्यांच्या आत असेल तर रान नुसतं खारं आहे, जिप्सम लागतच नाही, निचरा आणि पाणी पुरतं. सोडियम 15 च्या वर गेला, पाणी वर साचून राहतं, वाळलं की दगड होतं, तर ते चोपण, तिथं जिप्सम लागतं, किती ते रिपोर्टमध्ये 'जिप्समची गरज' म्हणून येतं. त्यातलं कॅल्शियम सोडियमला मातीतनं हुसकावतं, पण हुसकावलेला सोडियम बाहेर नेणार तो पाईपच. चुनखडीचं रान असेल तर जिप्समऐवजी गंधक सांगतील, ते ऐका. आणि विहिरीचं पाणीही तपासा, तेच खारट असेल तर मी वर लिहिलेलं निम्मं तुमच्या कामाचं नाही, पीकच बदलायला लागेल.