‘गगनाला गवसणी घालणे’ याचा नेमका अर्थ काय?

तुम्ही विचारलंय की मुलीच्या सत्काराच्या पत्रिकेत ‘तिने गगनाला गवसणी घातली’ असं छापलं आणि शाळेतल्या बाई म्हणाल्या, याचा अर्थ ‘अशक्य गोष्टीची हाव धरणे’. मग बरोबर कोण?

माझ्या मते बाई. फक्त ‘हाव’ हा शब्द मला पटत नाही.

‘गवसणे’ म्हणजे सापडणे, हा अर्थ इथे लावू नका. गवसणी म्हणजे वाद्यावर घालायची कापडी खोळ. आमच्या म्हार्दोळच्या घरी बाबा भजनाला पखवाज वाजवायचे. गोव्याच्या पावसात पखवाजाची पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, ओल धरते, आवाज बसतो. म्हणून आई जुन्या लुगड्याची, आत कापूस भरलेली गवसणी शिवायची. आधी सुतळीने घेर मोजायची, मधल्या फुगीर भागाचा वेगळा, दोन्ही तोंडांचा वेगळा, आणि मापाला सुतळीवर गाठ मारून ठेवायची. बोटभर चुकलं तरी खोळ चढायची नाही.

आता आभाळाचा घेर कुठल्या सुतळीने मोजणार? वाक्प्रचाराचा सगळा जोर इथेच आहे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात, गीतेचा अर्थ सांगायला निघालेले ज्ञानेश्वर विचारतात की मशकाने, म्हणजे चिलटाने, गगन मुठीत धरावं कसं. आणि तरी पुढे सांगतातच. मनातले मांडे खाणारा जागचा हलत नाही; गवसणी घालू पाहणारा मात्र सुईदोरा घेऊन बसलेला असतो. म्हणून ती हाव नव्हे.

हल्ली वर्तमानपत्रांत हा वाक्प्रचार ‘मोठं यश मिळवलं’ याच अर्थी येतो. तोही आता रूढ झालाय, तुमची पत्रिका कुणी चूक म्हणून परत करणार नाही. पण मला खटकतं. आभाळ झाकून झालं म्हटलं की त्याचं आभाळपणच गेलं. आमच्या गोव्याचे तबलावादक, लयभास्कर खाप्रुमाम पर्वतकर हातापायांनी एकाच वेळी निरनिराळे ताल धरायचे. त्यांच्याबद्दल मी हे शब्द बेधडक वापरीन, पण तिथेही ‘घालू पाहिली’ असंच लिहीन.

पत्रिका पुन्हा छापणार असाल तर ‘घवघवीत यश मिळवलं’ पुरे. मुलीला पुढे काय करायचंय ते सत्काराच्या दिवशी सांगाल, तेव्हा म्हणा, ‘आमची पोर गगनाला गवसणी घालायला निघाली आहे.’