ऑक्टोबरमध्ये थायलंडला जात आहोत, नदीकाठच्या गावातला सण पाहायचा आहे, कुठे जावे?

बँकॉक आणि फुकेतची गर्दी टाळून एखाद्या खेड्यातला पारंपरिक सण पाहायचा आहे, आणि परक्या माणसाने अशा वेळी गावात जाणे बरे दिसेल का, असे आपण विचारले आहे. कामानिमित्त बँकॉकमध्ये राहत असताना मला थायलंडच्या ईशान्य भागात, म्हणजे इसानमध्ये, बऱ्यापैकी हिंडता आले. त्या आधारावर सांगतो, की ‘ओक फान्सा’ या सणाला नोंगखाई प्रांतातील फोन फिसाई येथे जावे. हे कागदोपत्री तालुक्याचे ठिकाण असले तरी नोंगखाई शहरापासून पूर्वेला साधारण ४५ किलोमीटरवर, मेकाँगच्या काठाने लांबट पसरलेले ते एक मोठे खेडेच आहे आणि नदीच्या पलीकडचा काठ लाओसचा आहे. मात्र तिथे केवळ संध्याकाळी नदीतून वर जाताना दिसणाऱ्या प्रसिद्ध अग्निगोलांसाठी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओक फान्सा म्हणजे वर्षावासाची समाप्ती. आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून भिक्खू तीन महिने एकाच विहारात मुक्काम करतात आणि थाई पंचांगाच्या अकराव्या महिन्यातील पौर्णिमेला तो मुक्काम संपतो. महाराष्ट्रातील बौद्ध कुटुंबांत वर्षावास आणि अश्विन पौर्णिमा पाळली जात असल्यामुळे आपल्यापैकी अनेकांना ही चौकट नवी वाटणार नाही. ही पौर्णिमा बहुधा आपल्या कोजागरीच्या आगेमागेच येते. २०२४ मध्ये ती १७ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये ७ ऑक्टोबरला होती. तारीख दरवर्षी बदलते, त्यामुळे विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी त्या वर्षीचे थाई पंचांग पाहावे.

या दिवसाचे गावाच्या दृष्टीने महत्त्व काय, हे समजून घेतले तर पुढचे सगळे नीट दिसते. थायलंडमध्ये अनेक तरुण आयुष्यात एकदा, निदान एका वर्षावासापुरते, चीवर धारण करून भिक्खू होतात. वर्षावास संपला की त्यांतले बरेच जण पुन्हा घरी परततात. म्हणजे ज्या घरातला मुलगा तीन महिने विहारात होता, त्या घरासाठी हा सण निव्वळ धार्मिक राहत नाही. विहाराच्या आत भिक्खू एकमेकांना ‘माझ्याकडून काही चुकीचे घडलेले पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली असेल तर सांगावे’ अशी विनंती करतात, हाच पवारणा नावाचा विधी. बाहेर, तीन महिने दारू सोडलेली मंडळी आपला नियम मोकळा करतात. (आपली गटारी नियमाच्या आधी येते, त्यांची नंतर, इतकाच फरक.)

म्हणून आदल्या दिवशी दुपारपर्यंत गावात पोहोचावे. त्या वेळी घराघरांत ‘खाओ तोम मात’ बांधण्याचे काम चालू असते. नारळाच्या दुधात परतलेला चिकट तांदूळ केळीच्या पानावर पसरायचा, मध्ये पिकलेल्या केळ्याची उभी फोड आणि काळ्या घेवड्याचे चार दाणे ठेवायचे, पान घट्ट दुमडायचे आणि अशा दोन पुड्या पोटाला पोट लावून बांबूच्या ओल्या बंदाने एकत्र बांधून वाफवायच्या. या पुड्या जोडीनेच बांधतात, सुट्या सहसा नाहीत. आपण ओट्याशेजारी बसलात तर कोणी ना कोणी पान हातात देतेच, आणि तुमची पुडी सुटली की हसणेही होते. शाकाहारी माणसाला इसानमध्ये निर्धास्तपणे खाता येईल अशा थोड्या पदार्थांपैकी हा एक आहे. पपईच्या ‘सोम ताम’मध्ये मात्र तिथे आंबवलेल्या मासळीचे पाणी घालतात, ते आधी विचारून घ्यावे.

सकाळी भिक्षेसाठी भिक्खू ओळीने येतात. पादत्राणे काढून, गुडघे टेकून, वेताच्या लहान टोपलीतून चिकट भाताचा बोटांच्या टोकावर मावेल एवढा गोळा घ्यायचा आणि पात्राला हात न लावता आत ठेवायचा. स्त्रियांनी भिक्खूंना स्पर्श करू नये, कोणीही खांदे आणि गुडघे उघडे ठेवू नयेत आणि बसताना तळपाय बुद्धमूर्तीकडे किंवा भिक्खूंकडे करू नयेत. एवढे पाळले तर परकेपणाची अडचण मला कधी जाणवली नाही. कॅमेरा मात्र दान देऊन झाल्यावरच काढावा.

आता अग्निगोलांविषयी. श्रद्धा अशी आहे, की बुद्धांनी तावतिंस स्वर्गात आपल्या मातेला तीन महिने धम्म सांगितला आणि या दिवशी ते पृथ्वीवर उतरले. त्यांच्या स्वागतासाठी मेकाँगमध्ये राहणारा नागराजा, ‘फाया नाक’, पाण्यातून आगीचे गोळे सोडतो. (ते उतरले ते ठिकाण आपल्या उत्तर प्रदेशातले संकिसा मानले जाते.) अंधार पडल्यावर तांबूस रंगाचे लहान गोळे नदीवरून सरळ वर जातात, आवाज नाही, धूर नाही, खालीही पडत नाहीत, वरच्या वर विझतात. एखादा गोळा दिसला, की घाटभर चटयांवर बसलेली हजारो माणसे एकदम ओरडतात. नदीच्या तळाशी कुजणाऱ्या गाळातून निघणारा मिथेन वायू पेट घेतो, असे एक स्पष्टीकरण दिले जाते, पण मिथेन आपोआप पेटत नाही, ही त्यातली अडचण आहे. २००२ मध्ये एका थाई दूरचित्रवाहिनीने हे गोळे म्हणजे लाओसच्या काठावरून सैनिकांनी झाडलेल्या प्रकाशगोळ्या असल्याचे दाखवले, आणि नोंगखाईत त्याविरुद्ध मोठा संताप उसळला. माझा स्वतःचा कल संशयाकडेच आहे. तरीही घाटावर शेजारी बसलेल्या आजीबाईंशी हा वाद घालण्याचे काहीच कारण नाही. आपण पाहुणे आहोत, आणि त्यांनी आपल्याला चटईवर जागा दिलेली असते.

शिवाय एखाद्या वर्षी फार थोडे गोळे दिसतात. थायलंड आणि लाओसच्या पंचांगांत कधी एका दिवसाचा फरक पडतो, तेव्हा दोन्ही रात्री मोकळ्या ठेवलेल्या बऱ्या. पण गोळे न दिसले तरी घाटावर पाहण्यासारखे पुष्कळ असते. केळीची पाने दुमडून नागाच्या फण्याच्या आकाराचे केलेले नैवेद्याचे उंच मनोरे, विहारात मेणबत्ती, उदबत्ती आणि कमळाची कळी हातात घेऊन घातल्या जाणाऱ्या तीन प्रदक्षिणा, आणि बांबूच्या सांगाड्यावर दिवे लावून नदीत सोडलेल्या होड्या. दिव्यांच्या होड्यांचा मोठा, स्पर्धेचा थाट पाहायचा असेल तर नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या नाखोन फनोमला जावे, पण ते शहर आहे आणि तिथे प्रेक्षक म्हणूनच उभे राहावे लागते.

जाण्यासाठी बँकॉकहून रात्रीची शयनयान गाडी सकाळी नोंगखाईला पोहोचवते, किंवा विमानाने उदोन थानीला उतरून पुढे रस्त्याने जाता येते. पौर्णिमेच्या रात्री कार्यक्रम संपल्यावर २१२ क्रमांकाचा महामार्ग तासन्‌तास तुंबतो, त्यामुळे नोंगखाईहून टॅक्सी करून त्याच रात्री परतण्याचा बेत अजिबात करू नये. फोन फिसाईत घरगुती निवासाच्या खोल्या मिळतात. त्या दोन रात्रींसाठी, काही महिने आधी, फोनवर थाई बोलणाऱ्या कोणाकडून तरी ठरवून घ्याव्यात. दुसऱ्या दिवशी हाताशी वेळ असेल तर १९९४ मध्ये मेकाँगवर खुल्या झालेल्या थाई-लाओ मैत्री पुलावरून लाओसच्या राजधानीला, व्हिएन्तियानला, जाता येते, कारण तिथल्या होड्यांच्या मोठ्या शर्यती याच सुमारास असतात. मात्र लाओसचा व्हिसा आणि थायलंडमध्ये पुन्हा प्रवेश करण्याचे त्या वेळचे नियम निघण्यापूर्वीच पाहून ठेवावेत.