तोफा असताना ट्रकवर चाळीस-चाळीस रॉकेटं कशाला लादतात?

तुम्ही विचारलंय की अचूक मारा करणाऱ्या तोफा हाताशी असताना एका ट्रकवर चाळीस रॉकेटं लादायची गरजच काय. निम्मं उत्तर तुमच्या आकड्यातच आहे. चाळीस लागतात, कारण एकाचा भरवसा नसतो.

तोफेचा गोळा सुटताना जबरदस्त धक्का मागे बसतो. तो सोसायला जाड पोलाद आणि जमिनीत रुतणारे पाय लागतात, म्हणजे काही टनांचं ओझं. रॉकेट आपलं इंधन सोबतच नेतं आणि जळालेला वायू मागच्या मागे मोकळ्या हवेत निघून जातो. त्यामुळे पातळ नळी, अगदी नुसता रूळसुद्धा चालतो, आणि तो साध्या मालट्रकवर बसतो. पण इथेच नेम हातचा जातो. सुटताना रॉकेटचा वेग कमी असतो. त्या क्षणी आडवा वारा शेपटीच्या पंखांवर आपटला की तोंड वाऱ्याकडे वळतं आणि उरलेलं इंधन त्याला इमानेइतबारे चुकीच्या दिशेने नेतं.

सोव्हिएत अभियंत्यांनी १९३८ मध्ये झिस-५ ट्रकवर रूळ चक्क आडवे बसवले होते. २४ रॉकेटं गाडीच्या कुशीवरून सुटायची आणि गाडी होडीसारखी डोलायची. मग लांबलचक झिस-६ घेतला, रूळ गाडीच्या लांबीत फिरवले, रॉकेटं १६ वर आणली. हीच बीएम-१३, म्हणजे 'कात्युशा'. उत्पादनाचा हुकूम निघाला २१ जून १९४१ ला आणि दुसऱ्याच दिवशी जर्मन फौजा आत घुसल्या. १४ जुलैला कॅप्टन फ्ल्योरोव्ह यांच्या तुकडीने बेलारूसमधल्या ओर्शा रेल्वे स्थानकावर पहिला मारा केला. पल्ला जेमतेम साडेआठ किलोमीटर, पण सोळाच्या सोळा रॉकेटं दहाएक सेकंदांत. तोफांच्या माऱ्यात पहिल्या गोळ्यानंतर खंदकात उडी घेता येते, इथे तेवढी सवड मिळत नाही. मात्र धुराचा लोट शत्रूलाही दिसतो, म्हणून मारा संपला की गाडी तिथे थांबत नाही. ट्रक हवा तो त्यासाठीच.

१९६३ ची 'ग्राद' (रशियनमध्ये गारा) मला सगळ्यात हुशार वाटते. पंख घडी घालून रॉकेटला लपेटलेले, म्हणून १२२ मिलिमीटरच्या ४० नळ्या एकमेकींना खेटून मावल्या. नळीच्या आत वळणदार खाच असते, तिच्यात रॉकेटची खुंटी अडकून त्याला हलकी गिरकी मिळते. जोर एका बाजूला जास्त पडला तरी गिरकीमुळे तो चहूकडे वाटला जातो. ४० रॉकेटं २० सेकंदांत, पल्ला २० किलोमीटर.

आपलं 'पिनाक' याच घराण्यातलं. १२ रॉकेटं ४४ सेकंदांत. १९९९ मध्ये कारगिलला वापरलं गेलं तेव्हा ते विनामार्गदर्शनच होतं, म्हणजे सुटल्यावर रॉकेटला वाटेत वळवता येत नव्हतं.

पुढे रॉकेटला वाट दाखवायला जीपीएस आलं आणि गणित उलटं फिरलं. अमेरिकेच्या 'हायमार्स'वर रॉकेटं फक्त सहा, पल्ला ७० किलोमीटरच्या वर, आणि एका इमारतीसाठी एखाददुसरं पुरतं. सहांची अख्खी पेटी गाडी स्वतःच्याच क्रेनने बदलते. ग्राद अजूनही जगभर वापरात आहे. तिच्या चाळीस नळ्या मात्र माणसंच भरतात, साठ किलोंहून जड एकेक रॉकेट उचलून.