एका रेषेवरचे गाईडमधले बिंदू वेगळे आणि मुलीचे वेगळे, मग चुकलं कोण?

ताई, तुमचा प्रश्न असा की २एक्स + ३वाय = २४ चा आलेख काढायला गाईडने (०, ८), (३, ६), (६, ४) हे बिंदू घेतलेत आणि दहावीतल्या तुमच्या मुलीने (१२, ०), (९, २), (१, ७) घेतलेत, तर बरोबर कोण. गाईड बरोबर, मुलीचे पहिले दोन पण बरोबर, तिसरा चुकलाय, पण तो गाईडशी जुळत नाही म्हणून नाही. रेषेवर बिंदू अगणित असतात, कुठलेही घ्या. मी शाळेत असताना माझंही असंच वेगळं उत्तर आलेलं आणि सरांनी सरळ काट मारलेली, ते अजून डोक्यात आहे म्हणून एवढं लिहितोय.

मी सांगलीचा, त्यामुळे भडंगावरच सांगतो. समजा छोटं पाकीट २० रुपयाला, मोठं ३० ला आणि पाहुण्यांसाठी बरोबर २४० रुपयांचं घ्यायचंय. छोटी एक्स, मोठी वाय, दहाने भागलं की तुमचंच समीकरण येतं. नुसती मोठी घेतली तर ८, म्हणजे (०, ८). आता दुकानदाराला म्हणायचं, दोन मोठी परत घ्या आणि तीन छोटी द्या, ६० ला ६० फिटले, बिल तेवढंच राहिलं, आपण (३, ६) वर आलो. परत तसंच केलं की (६, ४), मग (९, २), मग (१२, ०). तीन उजवीकडे, दोन खाली, यालाच पुस्तकात चढ वजा २/३ म्हणतात, पोरं नुसतं पाठ करतात. पुढची पायरी (१५, वजा २), दुकानात तसलं काही मिळत नाही पण रेष कुठं थांबते, ती जातेच पुढं.

म्हणजे एक पूर्णांकी बिंदू सापडला की बाकीचे फुकट. तो पहिला कसा शोधायचा, तर एक्सला शून्य द्या, मग वायला शून्य द्या, बहुतेक वेळा तेवढ्यात काम होतं. नाही झालं, म्हणजे २एक्स + ३वाय = १३ सारखं असलं, तर एक्सला १, २ असं देत बघायचं, २ ला वाय ३ येतो, सुटलो, पुढचा (५, १). आणि २एक्स + ४वाय = ७ असलं तर मात्र शोधत बसू नका, डावी बाजू पूर्णांकांनी कायम समच येणार, ७ कधीच होणार नाही, तिथं गुपचूप (०.५, १.५) घ्यायचा, आलेखाच्या कागदावर अर्धा सेंमी व्यवस्थित दाखवता येतो. दोन बिंदू हातात असले तर त्यांचा मध्य पण रेषेवरच असतो बरं का, (३, ६) आणि (६, ४) चा (४.५, ५), टाकून बघा, ९ अधिक १५, चोवीस.

आता मुलीचा (१, ७). २ अधिक २१, तेवीस झाले, दहा रुपये कमी पडले. एक्स १ घेतला तर वाय २२/३ येतो, म्हणजे ७.३३, तिने ते वरचं सोडून ७ केलेलं दिसतंय. एक्स १ घेणं चूक नाही, नुसतं गैरसोयीचं आहे, इथं तीनच्या पाढ्यातलाच एक्स घ्यावा म्हणजे अपूर्णांक येतच नाही. तिला म्हणावं पट्टी (१२, ०) आणि (९, २) वर ठेव, १ सेंमीला १ एकक धरलं असेल तर तिसरा टिंब पट्टीच्या साधारण तीन मिलिमीटर खाली राहिलेला दिसेल. रेष काढायला दोन बिंदू पुरतात तरी तिसरा घ्यायला लावतात तो यासाठीच, दोनातून रेष जातेच हो, चुकलेली असली तरी.