एअरगनमध्ये अग्नी कुठे आहे?

एका वाचकाचा प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये एअरगनचे नियम कडक करण्यावरून जो वाद झाला, त्यावर ते मराठीत टिपण लिहीत आहेत. फायरआर्मला सरकारी मराठीत ‘अग्निशस्त्र’ म्हणतात. मग एअरगनला काय म्हणायचं? तिच्यात ना आग, ना दारू. ‘हवाई बंदूक’ लिहावं की ‘वायुबंदूक’? मुळात तिला बंदूक तरी म्हणावं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण गंमत तिथेच आहे. ‘बंदूक’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे हेझलनट, एक टणक गोल फळ. त्यावरून कोणत्याही लहान गोल गोळीला बुंदुक म्हणू लागले. बाणाऐवजी मातीच्या गोळ्या मारणारं एक धनुष्य असे, त्याच्याही नावात हा शब्द आहे. म्हणजे नळीत दारू ठासायच्या आधीपासून बुंदुक होतीच. या शब्दाच्या पोटात आगीची खूण कुठेच नाही, आहे ती गोळी. तेव्हा एअरगनला बंदूक म्हणायला व्युत्पत्तीची हरकत नाही. उलट, छोटी गोळी नुसत्या जोरावर फेकणारी ही मुळाशी जास्तच जवळची.

खरी पंचाईत ‘अग्निशस्त्र’ या शब्दाने केली आहे. फायरआर्ममधला ‘फायर’ उचलून आपण त्याचा अग्नी केला. पण कायदा त्या अग्नीला विचारत नाही. आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमातली व्याख्या पाहा: स्फोटकाच्या किंवा ‘इतर प्रकारच्या ऊर्जेच्या’ जोरावर काही फेकून मारण्यासाठी बनवलेलं शस्त्र म्हणजे फायरआर्म. त्या ‘इतर ऊर्जे’त दाबलेली हवा आपसूक बसते. ब्रिटनचा १९६८ चा कायदाही नळीतून काहीतरी सुटून जीव जाऊ शकतो का, एवढंच बघतो. २०१७ मध्ये तिथे आकडाही ठरला: नळीच्या तोंडाशी १ ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा. म्हणून तुमच्या टिपणात ‘कायद्याच्या दृष्टीने एअरगन हेही अग्निशस्त्रच’ असं वाक्य येणार, आणि वाचक हसणार. हसू द्या. फार तर एक ओळ खुलाशाची टाका. नवा शब्द पाडायच्या भानगडीत पडू नका.

‘हवाई बंदूक’ मला पटत नाही. हवाई दल, हवाई हल्ला, हवाई वाहतूक, सगळीकडे ‘हवाई’ म्हणजे आकाशातलं. हवाई बंदूक म्हटलं की डोळ्यांपुढे विमान पाडणारी तोफ येते. शिवाय लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणारे हौशी असतातच, त्यांची ती हवाई बंदूक असंही कुणी समजेल. (त्या हौसेला शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतची कैद किंवा एक लाखापर्यंतचा दंड किंवा दोन्ही लावलं आहे.) आणि ‘वायुबंदूक’? वायू म्हटलं की मराठी माणसाला आधी स्वतःचं पोट आठवतं.

लोक काय म्हणतात? ‘छऱ्याची बंदूक’. जत्रेतल्या फुग्यांच्या स्टॉलवर, नळी खटकन मोडून, शिशाचा छर्रा अंगठ्याने आत दाबून, नळी पुन्हा सरळ करून देणारा माणूस हाच शब्द वापरतो. तो छर्रा कधी तळहातावर घेऊन बघा. आपल्याला वाटतो गोल, पण असतो डमरूसारखा, मध्ये बारीक कंबर. शब्द छानच आहे, पण कोकणात तो जपून वापरा. तिथे बारा बोअरच्या काडतुसातही छर्रेच असतात, आणि ठासणीच्या बंदुकीतही भरतात. सावंतवाडीकडच्या बागायतदाराला ‘छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही’ असं सांगाल तर तो तुमच्याकडे चमकून पाहील. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची त्याची बंदूक दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा होते, आणि माकडं मात्र आचारसंहिता पाळत नाहीत.

भारतातली एअरगनची रेषाही शब्दांत नाही, आकड्यांत आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार २० ज्यूलपेक्षा जास्त जोर किंवा ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी नळी असेल तर परवाना हवा. रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं ती दहा मीटर एअर रायफल ४.५ मिलिमीटरचीच असते. तिला कोणी हवाई रायफल म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता तुमच्या विषयाकडे. तिथल्या वादात शब्दांनीही बाजू घेतल्या आहेत, ते टिपणात सुटू देऊ नका. २००५ मध्ये ग्लासगोत एअरगनच्या छऱ्याने दोन वर्षांच्या मुलाचा जीव गेला, मागणीने जोर धरला, आणि ३१ डिसेंबर २०१६ पासून स्कॉटलंडमध्ये परवाना लागू झाला. त्या कायद्याच्या नावात ‘एअर वेपन’ आहे. बाळगणारे मात्र ‘एअरगन’ म्हणतात. ‘वेपन’ म्हटलं की ते हत्यार होतं, ‘गन’ म्हटलं की छंद. मराठीतही ‘हत्यार’ आणि ‘बंदूक’ यांच्यात तेवढंच अंतर आहे, ते राखा. इंग्लंड-वेल्समध्ये १२ फूट-पौंडांपर्यंतच्या (म्हणजे सुमारे १६ ज्यूल) साध्या एअर रायफलला परवाना नाही. वाद आहे तो चौदा वर्षांवरच्या मुलांना मिळालेल्या सवलतीचा: खासगी जागेत, जागामालकाच्या परवानगीने, सोबत मोठं माणूस नसतानाही ती चालवता येते. ही सवलत काढून टाकावी, असा प्रस्ताव २०२० च्या सरकारी मसुद्यात होता. तुम्ही ‘पर्यवेक्षणाविना वापर’ असं लिहिलं आहे. त्याऐवजी ‘मोठ्यांच्या नजरेआड’ चालेल का पाहा. वाद नेमका त्या नजरेचा आहे.

तेव्हा माझं मत असं: शीर्षकात आणि सगळीकडे ‘एअरगन’, पहिल्यांदा येईल तिथे ‘म्हणजे छऱ्याची बंदूक’, आणि ‘अग्निशस्त्र’ फक्त कायद्याचं कलम सांगताना. आणि एक शुद्धलेखनाचं. तुमच्या मसुद्यात तीन ठिकाणी ‘बंदूकीचा’ आहे. बंदूक दीर्घ, पण विभक्ती लागली की ऱ्हस्व: बंदुकीचा, बंदुका, बंदुकांना.