करंजेलाच्या क्रीमला बुरशी का आली?

प्रश्न : ताई, आम्ही सिंधुदुर्गातल्या बचत गटातल्या बायका. घाण्यावर करंजेल, म्हणजे करंजाच्या बियांचं तेल काढलं, त्यात कोकमतेल आणि ताज्या कोरफडीचा गर घालून मिक्सरला फिरवून क्रीम बनवलं. खाज, सूज, लाल चट्टे यासाठी १२ जणींना वापरायला दिलं, पण ८ दिवसांत वर काळे ठिपके आले. तेल खराब होतं का?

उत्तर : तेलाचा दोष नाही हो, दोष पाण्याचा आहे. कोरफडीचा गर म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, आणि तेलात पाणी आलं की बुरशी आणि जंतूंना घर मिळालं, प्रिझर्वेटिव्ह, म्हणजे जंतू वाढू न देणारं द्रव्य नसेल तर ते फ्रीजमध्येही फार टिकत नाही. आधीच सुजलेल्या, खाजवून सोललेल्या कातडीवर असं क्रीम लागलं तर त्रास वाढेल, याची मला खरंच काळजी वाटते.

म्हणून क्रीम नको, पाण्याचा थेंबही नसलेलं मलम करा. १०० ग्रॅमला करडईचं तेल ६०, कोकमतेल २५, मधमाशीचं मेण १० आणि करंजेल फक्त ५. गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून आधी मेण, मग कोकमतेल वितळवा, करडई घाला, खाली उतरवून जरा निवलं की करंजेल. डब्या कोरड्या ठणठणीत हव्यात. करडई का, तर तिच्यात लिनोलिक आम्ल हे स्निग्ध आम्ल भरपूर असतं आणि कातडीचा वरचा थर धरून ठेवायला तेच लागतं. करंजेलात करंजिन आणि पोंगामोल ही करंजाची खास द्रव्यं असतात, उंदरांवरच्या प्रयोगांत करंजाच्या अर्कांनी सूज कमी झालेली दिसलीय, पण माणसांवरचे मोठे प्रयोग फारसे नाहीत, म्हणून जास्त घातलं की जास्त गुण येईल असं समजू नका, उलट जळजळ होते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून २ दिवस बघा. चट्ट्यातून पाणी येत असेल किंवा तान्हं बाळ असेल तर लावूच नका, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

विकायचं असेल तर लायसन्स लागतं, आणि डबीवर "खाज बरी करते" लिहिलंत की ते कॉस्मेटिक राहत नाही, औषध होतं, मग आयुर्वेदिक औषधाचं लायसन्स. एफडीएच्या, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा ऑफिसात आधी विचारून या.

आणि आजच त्या १२ जणींना फोन करून आधीचं क्रीम टाकून द्यायला सांगा, ठिपके दिसत नसले तरी.