अठराचा शिक्का आणि बारा वर्षांचा मुलगा

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा बारा वर्षांचा. वाढदिवसाला वडिलांनी त्याला ‘ग्रँड थेफ्ट ऑटो 5’ हा व्हिडिओ गेम दिला, डब्यावर 18 चा शिक्का, म्हणजे अठरा वर्षांखालच्यांसाठी नाही. आता शाळेचं पत्र आलंय की मुलं असे गेम खेळतात असं कळलं तर सोशल सर्व्हिसेसला, म्हणजे मुलांच्या संरक्षणाचं काम बघणाऱ्या सरकारी खात्याला, कळवू. ‘मिस्टर म्हणतात, कायदा दुकानदाराला आहे, आपल्याला नाही. हा गुन्हा आहे, असं तुम्हीच त्यांना लिहा. आणि मुलाला घेऊन तर जाणार नाहीत ना?’

ताई, आधी भीतीचं बघू. मूल आईबापांपासून काढायचं तर 1989 च्या चिल्ड्रन ॲक्टखाली त्याची गंभीर हानी होतेय किंवा होऊ शकते, हे कोर्टाला पटावं लागतं. निव्वळ एका गेमपायी तिथवर गोष्ट जात नाही. 2015 मध्ये चेशायरमधल्या नँटविच भागातल्या शाळांनीही असंच पत्र काढलं होतं. सूर दरडावणीचा असला, तरी शाळेची काळजी खोटी नाही.

आता मिस्टर. तुम्हाला रुचणार नाही, पण कायद्यापुरते ते बरोबर आहेत. जुलै 2012 पासून ब्रिटनमध्ये पेगीचे (गेम कुठल्या वयासाठी ते ठरवणारी युरोपातली पद्धत) 12, 16 आणि 18 हे शिक्के दुकानदाराला बंधनकारक आहेत. लहान मुलाला विकलं तर गुन्हा त्याचा. वडिलांनी घरी आणून दिलं तर त्या कायद्यात त्यांचा गुन्हा नाही. तेव्हा खोटं लिहून देणार नाही. पण कायदा उंबऱ्याबाहेर थांबतो म्हणून आत सगळं चालतं, हा त्यांनी काढलेला अर्थ साफ चुकीचा. दुकानदार ज्याला नाही म्हणाला असता, त्याला हो म्हणायचं तर आत काय आहे ते बापाने बघायला नको?

‘आम्हीही मारामारीचे सिनेमे बघितलेच की!’ हे त्यांचं म्हणणं. मग मुलगा झोपल्यावर त्यांच्याच हातात कंट्रोलर द्या. या गेममध्ये खुर्चीला बांधलेल्या माणसाचा छळ करायचं एक मिशन आहे. हत्यार खेळणाऱ्याने निवडायचं, बटणं त्यानेच दाबायची. दात उपटायची पक्कडही आहे त्यात. सिनेमात हे दुसरा कुणी करतो. तिथवर पोचायला मिस्टरांना बऱ्याच रात्री लागतील, लागू देत. आणि ‘पोरगा हुशार आहे, त्याला जमतं’ हे इथे लागू नाही. डब्यावरचा आकडा खेळ किती अवघड ते सांगत नाही, आत काय दाखवलंय ते सांगतो.

मात्र गेम नुसता हिसकावून घेऊ नका. पोराला बहुधा गेमपेक्षा संध्याकाळी सोबत खेळणारी मित्रांची टोळी हवी असते. फोर्टनाइटवर 12 चा शिक्का आहे, माइनक्राफ्टवर 7 चा. टोळी तिथेही जमते. ऑनलाइन अनोळखी माणसं काय बोलतील हे या आकड्यांत मोजलेलं नसतं, म्हणून गप्पा ओळखीच्या मित्रांपुरत्याच. कन्सोलवर त्याचं वेगळं खातं काढून वयाची मर्यादा घाला. पासवर्ड मिस्टरांकडे राहू द्या, नाहीतर घरात वाईट कायम तुम्हीच.

आणि तो ज्या मित्राकडे जातो, त्याच्या आईला फोन करा. बाकी सगळ्यांच्या घरी परवानगी आहे, असं तिलाही सांगितलेलं असणार.